बोट एका बाजूला का ओढते, आणि टॅबला हात लावण्यापूर्वी काय तपासावे

इंजिनाची बोट सरळ नेण्यासाठी चाक सतत एका बाजूला धरून ठेवावे लागत असेल, तर धक्क्यावर बहुतेक वेळा एकच उपाय सुचवला जातो, तो म्हणजे इंजिनाखालचा टॅब, म्हणजे पंख्याच्या अगदी वर बसवलेला छोटा फिरवता येणारा तुकडा, थोडा फिरवून घेण्याचा. हा उपाय खोटा नाही, कारण तो टॅब नेमका याच कामासाठी बसवलेला असतो. परंतु बोट ओढण्याची कारणे अनेक आहेत, त्यांतील काही तर बोटीच्या बाहेरची आहेत, आणि टॅब फिरवल्याने त्यांपैकी एकच कारण खऱ्या अर्थाने दूर होते. बाकीची नुसती झाकली जातात. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वाकलेल्या पात्यामुळे उजवीकडे ओढणारी बोट टॅबच्या साह्याने सरळ जाऊ लागली, तरी ते पाते वाकलेलेच राहते आणि पुढे इंजिनाचा गिअर खराब करते. म्हणून या लेखात टॅबचा विचार शेवटाकडे केला आहे. मुंबई बंदरात, मांडव्याच्या वाटेवर किंवा वर्सोवा-मढच्या खाडीत सर्रास दिसणारी, मागच्या फळीवर बाहेरून बसवलेले एक आउटबोर्ड इंजिन असलेली फायबरची बोट येथे मुख्यतः डोळ्यांसमोर ठेवली आहे.

सर्वप्रथम तक्रार नेमकी कोणती आहे ते स्वतःशी ठरवून घ्यावे, कारण तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींना आपण सरसकट ‘बोट ओढते’ असे म्हणतो. चाकावरची पकड सैल केली की नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, आपोआप एका बाजूला वळू लागते, ही खरी ओढ. चाक एका बाजूला सहज फिरते आणि दुसऱ्या बाजूला जड लागते, ही तिचीच बहीण असली तरी तिचा उगम स्टिअरिंगच्या केबलमध्येही असू शकतो. बोट सरळ जाते पण एका कुशीवर कललेली राहते, हा प्रश्न वजनाचा किंवा तळाचा असतो. आणि धक्क्याजवळ अगदी सावकाश चालताना नाळ कधी डावीकडे तर कधी उजवीकडे भरकटते, त्याला ओढ म्हणता येणार नाही. कमी वेगात आउटबोर्डची बोट थोडीफार अशीच चालते, आणि भटकणे फारच वाढले तर चाक व इंजिन यांच्यामधल्या सांध्यांत ढिलेपणा आला आहे का तेवढे पाहावे.

दुसरा प्रश्न, ओढ केव्हापासून आहे? बोट नवी घेतल्यापासून असेल तर ती बसवणीतली किंवा मुळातली असते. हळूहळू वाढत गेली असेल तर झीज, गंज किंवा तळावरची वाढ यांच्यावर संशय घेता येतो. काल नव्हती आणि आज आहे, असे असेल तर काहीतरी वाकले, तुटले, अडकले किंवा सुटले आहे असे धरून चालावे आणि कारण सापडेपर्यंत बोट वेगाने नेऊ नये.

पाणी आणि वारा आधी वजा करावेत

मुंबईत ही पायरी गाळली तर पुढचे सगळे कष्ट वाया जाण्याची शक्यता असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, येथे भरतीची पातळी साडेचार मीटरच्याही वर जाते, आणि तेवढे पाणी सहा-सव्वासहा तासांत बंदरात शिरते व तेवढ्याच वेळात बाहेर पडते. गेटवेहून मांडव्याकडे जाताना हा प्रवाह बोटीला बाजूने ढकलत असतो, त्यात दुपारनंतर वायव्येचा वारा भर घालतो, आणि चालवणाऱ्याला मात्र बोटीतच दोष आहे असे वाटते.

यावरची चाचणी अगदी सोपी आहे. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, सकाळी वारा पडलेला असताना आणि शक्यतो पूर्ण भरती होऊन पाणी ओसरू लागण्यापूर्वीच्या शांत अवधीत बोट बाहेर काढावी. एका दिशेने नेहमीच्या वेगाने काही मिनिटे जावे, मग पूर्ण वळून त्याच रेषेवरून उलट यावे. जाताना आणि येताना बोट उरणच्याच दिशेने सरकत असेल, तर ते काम पाण्याचे किंवा वाऱ्याचे आहे. जाताना डावीकडे आणि येतानाही डावीकडेच, म्हणजे किनाऱ्याच्या हिशेबाने विरुद्ध दिशेला, ओढत असेल, तरच दोष बोटीत आहे. इतका साधा फरक न पाहता इंजिन उघडून बसणारे लोक कमी नाहीत.

चाचणीची जागा मात्र विचारपूर्वक निवडावी. 18 डिसेंबर 2024 रोजी इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट मुंबई बंदरात ताबा सुटून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि त्यात डझनाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ज्या बोटीच्या सुकाणूबद्दल शंका आहे ती प्रवासी बोटींच्या वाटेवर, नांगरलेल्या जहाजांच्या आसपास किंवा मासेमारीच्या जाळ्यांजवळ वेगात पळवणे हा शुद्ध अविचार होय. इंजिन बंद करणारी किल-स्विचची दोरी चालकाच्या अंगाला अडकवलेली असावी, आणि ‘हात सोडून पाहू’ याचा अर्थ हात चाकापासून बोटभर अंतरावर ठेवून पकड सैल करणे एवढाच घ्यावा.

पंख्याचा स्वभाव

एका पंख्याच्या बोटीत थोडी ओढ असणे हा दोष नसून तिचा स्वभाव आहे, आणि तो समजून घेतला तर पुढचे निम्मे काम सोपे होते. एकेरी आउटबोर्ड इंजिनांपैकी बहुतेकांचा पंखा, बोटीच्या मागे उभे राहून पाहिल्यास, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. याचा अर्थ कोणत्याही क्षणी उजवीकडचे पाते खाली जात असते आणि डावीकडचे वर येत असते. पंख्याचा शाफ्ट, म्हणजे पंखा ज्यावर बसतो तो फिरता दांडा, वाहत्या पाण्याला अगदी समांतर असेल तर दोन्ही बाजूंची पाती सारखाच जोर लावतात. शाफ्ट कलला की हा समतोल मोडतो, कारण एका बाजूचे पाते पाण्याला जास्त कोनात कापते आणि दुसऱ्या बाजूचे कमी कोनात.

ट्रिमचे बटण दाबून इंजिनाचा खालचा भाग बोटीकडे आत ओढून घेतला, तर शाफ्टचे मागचे टोक थोडे खाली झुकते. अशा वेळी खाली जाणारे, म्हणजे उजवीकडचे, पाते जास्त जोर लावते. आउटबोर्ड इंजिन उभ्या खिळीवर डावी-उजवीकडे फिरणारे असल्यामुळे हा वाढीव जोर इंजिनाच्या उजव्या अंगाला पुढे ढकलतो, पंख्याकडचा भाग उजवीकडे सरकतो आणि बोट उजवीकडे ओढू लागते. इंजिन बाहेर, म्हणजे वर, ट्रिम केले की हाच हिशेब उलटतो आणि नेहमीच्या उंचीवर बसवलेल्या इंजिनाची बोट डावीकडे ओढते. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी एक जागा अशी येते, की चाक हलके होते आणि बोट सरळ धावते.

बोटीच्या पोटात इंजिन असलेल्या आणि शाफ्ट तिरका खाली मागे गेलेल्या मच्छीमार बोटींत (ट्रॉलरमध्ये) गंमत अशी, की कारण तेच असून परिणाम उलटा होतो. तिथे पंखा फिरत्या खिळीवर नसतो, थेट बोटीला जखडलेला असतो. त्यामुळे उजव्या वल्ह्याला जास्त जोर लावला की होडी डावीकडे वळते, तशी त्या बोटीची नाळ उजवीकडच्या वाढीव जोराने डावीकडे सरकते. आउटबोर्डचा अनुभव घेऊन ट्रॉलरवर गेलेला आणि ट्रॉलरवरून आउटबोर्डकडे आलेला माणूस एकमेकांना चुकीचे सल्ले देताना दिसतात, ते यामुळेच.

म्हणून पैसे खर्च न करता होणारी पहिली तपासणी ट्रिमच्या बटणाची. नेहमीच्या वेगात इंजिन आतून बाहेर हळूहळू ट्रिम करत जावे. ओढ उजवीकडून कमी होत होत नाहीशी झाली आणि पुढे डावीकडे गेली, तर यंत्रणा बहुधा धडधाकट आहे आणि आजवर बोट चुकीच्या ट्रिमवर चालवली जात होती. ट्रिम कितीही बदलली तरी ओढ एकाच बाजूला तेवढीच राहत असेल, तर पुढची कारणे शोधायला हवीत.

वजन, फ्लॅप आणि तळ

पंखा घड्याळाच्या दिशेने फिरतो तेव्हा त्याची प्रतिक्रिया म्हणून बोट उलट दिशेने, म्हणजे डाव्या कुशीवर, कलू पाहते. चालकाची जागा बहुतेक लहान बोटींत उजवीकडे असते, त्याच्या वजनाने हा कल थोडाफार सावरला जातो. पण डाव्या बाजूला दोन भरभक्कम प्रवासी बसले, डावीकडच्या टाकीत जास्त पेट्रोल असले, किंवा बॅटऱ्या आणि नांगर दोन्ही एकाच अंगाला ठेवले, तर बोट कललेली राहते आणि कललेला तळ पाण्याला एकसारखा भिडत नाही. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते, म्हणजे टाकीतले शंभर लिटर पेट्रोल हे एका धडधाकट माणसाएवढे ओझे झाले. कललेली बोट नेमकी कोणत्या बाजूला वळेल हे तळाच्या आकारावर आणि वेगावर अवलंबून असते, त्यामुळे त्याचे सूत्र पाठ करण्यापेक्षा माणसे एका बाजूची दुसऱ्या बाजूला बसवून पाहावीत आणि ओढ बदलते का ते नोंदवावे.

न दिसणारे ओझे साचलेल्या पाण्याचे असते. पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटीत ताडपत्रीच्या फटीतून पाणी जाते आणि तळातल्या कप्प्यांत, कधी कधी तर फोममध्येही, मुरून राहते. तळात साचलेले पाणी उपसणारा बिल्ज पंप कोरडा चालला म्हणजे बोटीत पाणी नाही, असा निष्कर्ष काढू नये. पंप एका कप्प्यात असतो आणि पाणी दुसऱ्या. रिकामी बोट शांत पाण्यात धक्क्याला उभी करून दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या रेषा मागून पाहिल्या, तर कल लगेच ध्यानात येतो.

मोठ्या बोटींत मागच्या फळीच्या तळाशी दोन्ही बाजूंना पाण्यात झुकणारे पत्रे असतात. त्यांनाही ट्रिम टॅबच म्हणतात. इंजिनाखालच्या टॅबशी गल्लत नको म्हणून येथे त्यांना फ्लॅप म्हणू. एक फ्लॅप खाली अडकला आणि दुसरा वर गेला, तर बोट सतत कललेली व ओढलेली राहते. बटण दाबताना एकाने मागे उभे राहून दोन्ही पत्रे खरोखर हलतात का ते पाहावे, एवढेच पुरे.

तळाची तपासणी बोट बाहेर काढल्याशिवाय होत नाही. मुंबईच्या कोमट, खाऱ्या आणि गढूळ पाण्यात नांगरून ठेवलेल्या बोटीच्या तळावर शेवाळ आणि चुनखडीच्या कवचाचे चिवट जीव लवकर धरतात, आणि ते दोन्ही बाजूंना सारखेच वाढतील असे मुळीच नाही. मागच्या दोन-तीन हातांच्या भागाकडे जास्त लक्ष द्यावे, कारण वेगात धावणारी बोट प्रामुख्याने त्याच भागावर टेकलेली असते. तिथे सरळ पट्टी लावून फायबरला खोलगट बाक आला आहे का, एखादी कड तुटली आहे का, मासे शोधण्याच्या यंत्राचा सेन्सर पंख्याच्या अगदी पुढे बसवून कोणी प्रवाह बिघडवला आहे का, हे तपासावे. ट्रेलरवर चुकीच्या टेकूंवर दीर्घकाळ ठेवलेल्या बोटीत असा बाक येऊ शकतो.

पंखा काढून पाहणे

बंदरातल्या पाण्यात प्लास्टिकच्या पिशव्या, तुटलेल्या जाळ्यांचे तुकडे आणि नायलॉनचे दोरे इतके असतात, की अचानक सुरू झालेल्या ओढीसाठी किंवा थरथरीसाठी पहिला संशय पंख्यावरच घ्यावा. इंजिन बंद करून किल्ली काढावी, किल-स्विचची दोरी काढून घ्यावी, इंजिन उचलावे, आणि मगच पंख्याला हात लावावा. बाहेरून पंखा स्वच्छ दिसला म्हणून थांबू नये. पिन आणि नट काढून पंखा शाफ्टवरून ओढून बाहेर घेतला, की त्याच्यामागे एक जाड वॉशर दिसतो; त्या वॉशरच्या आणि गिअरच्या डब्याच्या फटीत मासेमारीचा बारीक पारदर्शक दोरा घट्ट गुंडाळलेला अनेकदा सापडतो. तो घासून, वितळून काचेच्या बांगडीसारखा कडक झालेला असला, तर त्याने मागचे रबरी सील कापले असण्याची दाट शक्यता असते. त्याच वेळी गिअर ऑइलचा खालचा स्क्रू थोडा सैल करून चार थेंब पाहावेत. ऑइल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे आणि आता प्रश्न ओढीपुरता उरलेला नाही.

पात्यांची तपासणी नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने करू नये. पंखा जागेवर बसवून, पंख्याच्या वर असलेल्या इंजिनाच्या आडव्या पत्र्यावर एक पेन्सिल चिकटपट्टीने पक्की करावी आणि तिचे टोक एका पात्याच्या मागच्या कडेला जेमतेम लागेल असे ठेवावे. मग पंखा हाताने फिरवून इतर पाती त्याच टोकाजवळून नेली, की एखादे पाते दोन-तीन मिलिमीटर जरी वाकलेले असले तरी अंतरातला फरक स्पष्ट दिसतो. वाकलेले पाते घरी हातोडीने सरळ करण्याचा मोह आवरावा. ॲल्युमिनियम ठोकल्यावर तडकते आणि ती तड पूर्ण वेगात असताना उघडी पडते.

पंख्याखाली असलेला पातळ पंखासारखा भाग, ज्याला स्केग म्हणतात, तोही पाहावा. ओहोटीला उथळ पाण्यात, रेवस किंवा मनोरीसारख्या खाडीच्या तोंडाशी, तळाला घासून तो एका बाजूला वाकतो किंवा तुटतो. वाकलेला स्केग हा कायम एका बाजूला धरून ठेवलेल्या लहानशा सुकाणूसारखाच काम करतो, आणि मग टॅब कितीही फिरवला तरी तो अपुरा पडतो.

स्टिअरिंग आणि मग टॅब

केबलचे स्टिअरिंग असेल तर इंजिनाकडची जोडणी सोडवून इंजिन हाताने डावी-उजवीकडे फिरवून पाहावे. इंजिन सहज फिरले तर जडपणा केबलमध्ये आहे. इंजिनच जड असेल तर त्याच्या खिळीला ग्रीस हवे. इंजिनाच्या आडव्या नळीत शिरणाऱ्या केबलच्या दांड्याला ग्रीस देताना दांडा पूर्ण आत घेतलेला असावा, कारण तो बाहेर असताना ग्रीस दाबून भरले तर नळीत ग्रीस कोंडून स्टिअरिंग अडकू शकते. मीठ खाऊन गंजलेली केबल ग्रीसने थोडे दिवस सुधारल्यासारखी वाटते, पण ती बदलणेच योग्य.

हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये ओढ चाकाला जाणवत नाही, कारण तेल इंजिनाला जागेवर धरून ठेवते. अशा बोटीत चाक स्थिर धरूनही नाळ हळूहळू एकाच बाजूला सरकत राहिली आणि चाक दर वेळी थोडे जास्त फिरवावे लागले, तर तेल कुठून तरी पुढे निसटत आहे असे समजावे. चाक स्पंजासारखे लागले तर आत हवा आहे. सिलिंडरच्या टोकाला तेलाचा ओलावा दिसला तर सील गेले आहे.

आता टॅब. इंजिनाच्या आडव्या पत्र्याखाली, पंख्याच्या अगदी वर लोंबणारा हा छोटा तुकडा बहुतेक इंजिनांत दुहेरी काम करतो. तो बोटीची ओढ सावरतो, आणि खाऱ्या पाण्यात इंजिनाऐवजी स्वतः झिजून गंज स्वतःवर घेतो. याचा परिणाम सहसा लक्षात येत नाही. दोन-तीन हंगामांत टॅब झिजून निम्मा झाला, की पाण्यावर जोर देणारे त्याचे क्षेत्रही निम्मे होते, आणि पूर्वी सरळ जाणारी बोट कोणीही काही न करता ओढू लागते. अशा टॅबला फिरवण्यात अर्थ नाही, तो नवा बसवावा, आणि त्याला रंग मात्र कधीही लावू नये. रंगाखाली तो झिजत नाही आणि मग त्याच्या जागी इंजिन झिजते. स्वस्तात मिळालेला सपाट, बिनपंखाचा तुकडा बसवला, तर गंजापासून संरक्षण मिळते पण ओढ सावरायला काहीच उरत नाही.

टॅब शाबूत असेल तर नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. बोट ज्या बाजूला ओढते, त्याच बाजूला टॅबचे मागचे टोक फिरवायचे. उजवीकडे ओढणाऱ्या बोटीत ते टोक उजवीकडे नेले, की वाहते पाणी टॅबला आणि त्याच्यासोबत इंजिनाच्या मागच्या भागाला डावीकडे रेटते, आणि बोटीला डावीकडे वळण्याचा तेवढाच कल मिळतो. बोल्ट सैल करण्यापूर्वी टॅबच्या आणि पत्र्याच्या सांध्यावर मार्करने एक रेघ ओढावी, म्हणजे मूळ जागा हरवणार नाही. एका वेळी अगदी थोडे, जेमतेम एक-दोन अंशच फिरवावे, बोल्ट घट्ट करावा, आणि पुन्हा तीच दुहेरी फेरी मारावी. ही चाचणी ज्या वेगात आणि ज्या ट्रिमवर बोट सर्वांत जास्त चालते त्याच स्थितीत करावी, कारण टॅब एका स्थितीसाठीच बरोबर बसतो. संथ वेगात त्याचा परिणाम नगण्य असतो आणि पूर्ण वेगात तो जास्तही होऊ शकतो.

दोन इंजिने असतील तर बहुतेक वेळा त्यांचे पंखे एकमेकांविरुद्ध फिरणारे असतात, त्यांची ओढ आपापसात फिटते आणि दोन्ही टॅब मध्यावर ठेवायचे असतात. तिथे ओढ जाणवली तर प्रथम दोन्ही इंजिनांचे फेरे सारखे आहेत का ते पाहावे. एकाचा गॅस लिव्हर किंचित मागे राहिला, एका इंजिनाच्या फिल्टरमध्ये पाणी आले, किंवा दोन इंजिनांना जोडणाऱ्या दांड्याची लांबी बदलून ती एकमेकांना समांतर राहिली नाहीत, तर बोट जोर कमी असलेल्या बाजूला झुकते, आणि त्यावर टॅब हा उपाय नाही.